आवारातले फलाध्यक्ष

स्मरणिका समितीनं माझ्याकडे सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर लेख मागितला होता. बँकेत उभी हयात गेली, सोसायटीतही बरीच वर्षं खजिनदार होतो, तेव्हा हिशेब माझ्या वाट्याला येणं साहजिकच. पण जमाखर्चाची पत्रकं या अंकात पुढं छापलेली आहेतच, ती पुन्हा गद्यात लिहून कोणाचं भलं होणार? म्हणून मी समितीकडून परवानगी घेऊन त्या पत्रकांत कुठंच न दाखवलेल्या एका मालमत्तेचा इतिहास लिहायला बसलो. ही मालमत्ता म्हणजे मागच्या फाटकाजवळची खिरणी.

मुलं तिला ‘पिवळ्या बोरांचं झाड’ म्हणतात. काही सभासद ‘पार्किंगच्या आड येणारं झाड’ म्हणतात, आणि तेही खोटं नाही. गेल्या वार्षिक सभेत त्या जागेवर पत्र्याची शेड टाकायचा विषय निघाला, चर्चा लांबली आणि निर्णय पुढच्या सभेवर गेला. कुठलंही प्रकरण मंजूर-नामंजूर करण्याआधी कागदपत्रं नीट पाहावीत, अशी आमच्या बँकेतली शिकवण. तेव्हा खिरणीची कागदपत्रं सभासद बंधू-भगिनींपुढं ठेवतो.

आधी ओळख. खिरणी म्हणजेच रांजणी. काहीजण रांजण किंवा राण म्हणतात, गुजरातेत रायण. बारमाही हिरवं झाड, पानं जाडसर, वरून तकतकीत, टोकाशी बोथट आणि मध्ये किंचित खाच पडलेली. हिवाळ्यात बारीक फिकट फुलं येतात आणि एप्रिल-मे मध्ये बोराहून लहान, लांबट, पिवळी फळं पिकतात. फळ गोड, पण त्यात चीक असतो. चार-सहा खाल्ली की ओठ एकमेकांना चिकटतात. आत एक काळपट तपकिरी, चकचकीत, टणक बी, क्वचित दोन. मोह, बकुळ आणि चिकू ही सगळी तिच्याच कुळातली. त्यांतल्या चिकूशी तिचं नातं फार जवळचं, आणि त्या नात्यातच तिचं भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही दडलेलं आहे. ते पुढं येईलच.

माझ्या लहानपणी नांदगावच्या आठवडे बाजारात मे महिन्यात बाया टोपल्यांतून खिरण्या आणत. पानाच्या द्रोणात मापून देत. आई म्हणायची, उपाशीपोटी खाऊ नका, चीक बाधतो. आम्ही खायचोच. पुढं त्या टोपल्या कमी होत गेल्या आणि केव्हा दिसेनाशा झाल्या ते कळलंसुद्धा नाही. एखादं फळ बाजारातून जातं तेव्हा त्याची कोणी नोंद करत नाही. खातं बंद करायलाही अर्ज लागतो, इथं तोही नाही.

आता सोसायटीकडे वळतो. नोंदणी झाली २००० साली. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात आपल्यातलं एक जैन कुटुंब पालिताण्याची यात्रा करून आलं. येताना त्यांनी तिथल्या बाजारातून दोन किलो रायण आणली आणि चोवीसही घरी वाटली. पोरांनी फळं खाल्ली आणि बिया जिन्यात, आवारात, वाटेल तिथं टाकल्या. त्या बिया एकेक करून वेचल्या तळमजल्यावरच्या गार्डकाकांनी.

नव्या सभासदांसाठी सांगतो, गार्डकाका म्हणजे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आपले शेजारी. त्यांचं नाव त्यांना स्वतःला आवडत नसे, म्हणून इथंही लिहीत नाही. त्यांच्याकडे चाळीसेक बिया जमल्या. त्यांनी त्या धुऊन चीक काढला, रात्रभर पाण्यात ठेवल्या, आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खालून भोकं पाडून, माती आणि लेंडीखत भरून, त्यांत एकेक लावली. मी तिथून जात होतो. मला म्हणाले, “साहेब, खिरणी लावतोय.” मी म्हणालो, “काका, हे तर चिकूच्या खुंटाचं झाड. हे स्वतंत्र कोण लावतं?”

हे मी अज्ञानातून बोललो नव्हतो, आणि तीच तर गंमत आहे. १९८४ ते १९८७ मी डहाणू भागातल्या एका शाखेत शेतीकर्ज बघत होतो. चिकूच्या बागांची प्रकरणं रोज टेबलावर असायची. दहा-दहा मीटरवर झाड, म्हणजे हेक्टरी शंभर कलमं. इतक्या वर्षांनी उत्पन्न सुरू, तोवर हप्त्याला सवलत. रोपवाटिका पाहायला जायचो तेव्हा खिरणीची रोपं ओळीनं मांडलेली दिसत. चिकूची फांदी आणि खिरणीचं रोप शेजारी आणायचं, दोघांची थोडी साल तासायची, जखमेला जखम लावून बांधायचं. दोन-तीन महिन्यांत जोड एकजीव झाला की खिरणीचा शेंडा कापायचा आणि चिकूची फांदी आईच्या झाडापासून सोडवायची. यालाच भेटकलम म्हणतात. वर चिकू, खाली खिरणी. माझ्या लेखी खिरणी म्हणजे कलमाच्या किमतीतला एक पोटखर्च होता. बाजारातल्या टोपलीतली ती हीच, हे मला माहीत होतं, पण त्या तीन वर्षांत एकदाही आठवलं नाही.

खिरणीचाच खुंट का, तर तिची मुळं चिवट. दुष्काळ, हलकी जमीन, काही काळ साचलेलं पाणी, सगळं सोसतात. चिकूची बी लावून वाढवलेल्या रोपावर किंवा मोहाच्या खुंटावर कलमं करण्याचेही प्रयोग झाले, पण खिरणीवरचं झाड जोमदार आणि दीर्घायुषी निघालं. खोट एकच, ती वाढते फार हळू. पेन्सिलीएवढ्या जाडीचा खुंट मिळायला दीड-दोन वर्षं थांबावं लागतं. नर्सरीवाले तेवढं थांबतात, कारण पुढं कलम विकलं जाणार असतं. पण बी लावून तिच्याच फळाची वाट पाहायची, तर दहा, बारा, कधी पंधरा वर्षं. एवढ्या मुदतीला कुठलीही बँक कर्ज देणार नाही. मी तर नक्कीच दिलं नसतं.

गार्डकाकांच्या चाळीस बियांपैकी पाचव्या आठवड्यात पहिला कोंब आला. एकूण अकरा उगवल्या. तीन रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जळाली, दोन शेळ्यांनी खाल्ली, काही त्यांनी नातेवाइकांना दिली. आवारात दोन लावली, त्यांतलं एक फाटकाचं काम करताना मोडलं. शेवटी चाळीसांतून आवारात वसुली एकाची. या एका झाडानं पुढं मला वाचायला लावलं आणि वाचता वाचता माझी मान खाली गेली, कारण ज्याला मी पोटखर्च समजत होतो त्याची वंशावळ आपल्या सगळ्यांच्या कर्जप्रकरणांहून जाडजूड निघाली.

संस्कृतात खिरणीला क्षीरिका म्हणतात, चिकामुळं, म्हणजे दुधामुळं. दुसरं नाव राजादन, राजानं खायचं फळ. आणि अमरकोशात तिसरं नाव दिलं आहे ते ऐकून आपल्या आजी-माजी पदाधिकाऱ्यांनी रागावू नये, ते नाव आहे फलाध्यक्ष. फळांचा अध्यक्ष! आंबा, फणस, डाळिंब असताना ही पदवी या बोरभर फळाला मिळाली. निवडणूक झाली की बिनविरोध, ते कोशात लिहिलेलं नाही.

सुश्रुतसंहितेत औषधी वनस्पतींचे गण सांगितले आहेत. त्यांतल्या परूषकादि गणात फालसा, द्राक्ष, डाळिंब यांच्या पंक्तीला राजादन बसलेलं आहे. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. द्राक्षानं आपल्या नाशिक जिल्ह्याला नाव दिलं. डाळिंबानं कसमादे पट्ट्यात घरं उभी केली. त्याच पंक्तीतली खिरणी मात्र आमच्या डोळ्यांदेखत बाजारातून उठून गेली. द्राक्ष आणि डाळिंब छाटणीला, खताला, फवारणीला लगेच जाब देतात, कर्जाचं वेळापत्रक पाळतात. खिरणी स्वतःच्या वेळानं चालते.

पालिताण्याहूनच ही फळं का आली, त्यालाही कारण आहे. तिथल्या शत्रुंजय डोंगरावर पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांनी रायणीच्या झाडाखाली बसून उपदेश केला अशी जैन परंपरा आहे. डोंगरावर रायणीचं झाड आणि त्याखाली पादुका आजही पूजल्या जातात. त्याच ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आपल्या जिल्ह्यात, बागलाणात मांगीतुंगीच्या डोंगरात कोरली आहे. तिची प्रतिष्ठापना २०१६ साली झाली. म्हणजे ज्या बिया आपल्या पोरांनी जिन्यात टाकल्या, त्या झाडाला हजारो माणसं हात जोडतात.

पुढचा साक्षीदार बाबर. १५२६ साली पानिपत जिंकून तो हिंदुस्थानात आला आणि आपल्या आठवणींत त्यानं इथली फळं एकेक करून लिहून ठेवली. समरकंद-काबूलकडची खरबुजं आणि द्राक्षं खाल्लेला माणूस, त्याला इथलं सहसा काही पसंत पडत नसे. खिरणीबद्दल मात्र त्यानं लिहिलं की फळ पिवळं, चव अगदी द्राक्षासारखी, मागून जिभेवर जरा वाईट चव राहते, तरी फळ खाण्याजोगं आहे. आमच्या शाखेतल्या तपासणी अधिकाऱ्याचा शेरा असाच असायचा. दोष दाखवायचाच, पण खातं सुरू ठेवायला हरकत नाही. मागून येणारी ती चव म्हणजे अर्थातच चीक. बाबर आणि माझी आई यांचं या बाबतीत एकमत होतं.

झाडाच्या शास्त्रीय नावाचीही एक गोष्ट आहे आणि तिच्यात आपली नागरी लिपी येते. चिकू आणि खिरणी ज्या गटात मोडतात त्याचं नाव ‘मणिलकारा’. हे नाव मलबारातल्या बोलीतून ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात गेलं. मलबारचा डच गव्हर्नर व्हान रीड यानं तो करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्याला वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांनी १६७५ साली कोकणीत, नागरी अक्षरांत लिहून दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. तिकडं रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि इकडं कोचीनला तीन वैद्य झाडांची नावं आणि गुण सांगत बसले होते. शंभरेक वर्षांनी विल्यम रॉक्सबर्ग या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञानं खिरणीचं वर्णन १७९५ साली प्रसिद्ध केलं. फुलात सहा पुंकेसर, म्हणून तिचं नाव ‘हेक्झांड्रा’. १९१५ मध्ये एका फ्रेंच अभ्यासकानं तिला मणिलकारा गटात घेतलं, तेव्हापासून तिचं पूर्ण नाव ‘मणिलकारा हेक्झांड्रा’.

आता तिचा सगोत्र चिकू. तो इथला नाही. पेरू, पपई, सीताफळ, काजू, अननस यांच्यासारखाच अमेरिकेतून आलेला. मूळ घर मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडचा मुलूख. तिथं त्याच्या चिकापासून च्युइंगम करत. स्पॅनिशांनी तो फिलिपाइन्समध्ये नेला. भारतात त्याची पहिली लागवड १८९८ साली घोलवडला झाली, असं फळबागांवरची पुस्तकं सांगतात. डहाणू-घोलवडचा समुद्रकिनारा त्याला मानवला, काळीपत्ती ही जात नावाजली, आणि आता घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही आहे. हे सगळं खरं, आणि त्या बागायतदारांचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. पण मानांकन ज्या झाडाला मिळालं त्याची मुळं कोणाची, हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं. पाहुणा आला, यजमानानं त्याला खांद्यावर घेतलं, आणि गाव पाहुण्याला ओळखू लागलं.

खिरणी कमी होण्याचं दुसरं कारण तिचं लाकूड. अतिशय टणक आणि इतकं जड की वाळल्यावरही पाण्याच्या वजनाच्या जवळपास जातं. तेलाचे घाणे, मुसळं, घराचे खांब, अवजारांचे दांडे यांसाठी ते फार चांगलं. शंभर वर्षांत वाढलेलं झाड एका दिवसात घाण्याला गेलं आणि त्याच्या जागी दुसरं लावायचं तर लावणाऱ्याच्या नातवाला फळ मिळणार. मग कोण लावतो? बिया जमवल्या जातात, रोपं होतात, पण ती कलमासाठी. रोपाला फांदी फुटण्याआधीच त्याचा शेंडा कापला जातो. एवढ्या लाखो रोपांतून स्वतःच्या डोक्यानं वाढून स्वतःचं फळ देणारी खिरणी किती, याचा विचार केला की आपल्या फाटकाजवळचं झाड वेगळं दिसायला लागतं.

इतर ठिकाणी मात्र तिचं बरं चाललं आहे. मांडूला जाणारे प्रवासी अजून खिरणी विकत घेतात. श्रीलंकेत तिला पालू म्हणतात, आणि याला अभयारण्यात फळांच्या दिवसांत अस्वलं तिच्या फांद्यांवर चढून बसतात. गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरच्या केंद्रीय प्रयोग केंद्रानं ‘थार ऋतुराज’ नावाची खिरणीची जात निवडली आहे. खिरणीवर खिरणीचंच कलम केलं तर फळ खूप लवकर लागतं, हेही आता शेतकऱ्यांना कळू लागलं आहे. म्हणजे फलाध्यक्षांचा राजीनामा अजून मंजूर झालेला नाही.

गार्डकाकांना या सगळ्यातलं फारसं माहीत नव्हतं. त्यांना रेल्वे माहीत होती. संध्याकाळी रोपाला पाणी घालताना ते पोरांना सांगत की इंग्रजांच्या काळात वेरूळची लेणी पाहायला मुंबईहून निघालेला प्रवासी आपल्या नांदगाव स्टेशनात उतरायचा. १८६० च्या दशकात लोहमार्ग इथून पुढं गेला, तेव्हापासून नांदगाव हे वेरूळ-औरंगाबादचं दार होतं. इथून टांगे निघत, कासारीच्या घाटानं वर चढत. पुढं १९०० च्या सुमाराला मनमाडहून निजामाच्या मुलखात रेल्वे गेली आणि ती वर्दळ तिकडं वळली. आज वेरूळला जाणाऱ्या हजारांत एकालाही नांदगावचं नाव ठाऊक नसेल. काका म्हणायचे, “गाडी पुढं गेली म्हणून स्टेशन खोटं होत नाही रे.” ते स्टेशनबद्दलच बोलत होते. पण मला आता खिरणीजवळून जाताना हे वाक्य आठवतं.

आता माझा कबुलीजबाब. २००९ साली स्कूटर स्टँडसाठी जागा हवी होती. झाड आठ वर्षांचं, पुरुषभर उंचीचं, फळाचा पत्ता नाही. इतिवृत्तात ‘सदर निरुपयोगी झाड काढून टाकण्यात यावे’ हे वाक्य आहे, आणि अक्षर माझं आहे. वही सोसायटीच्या कपाटात आहे, कोणीही पाहावी. काका सभेत उठले. भांडले नाहीत. माझ्याच भाषेत म्हणाले, “साहेब, कर्जदाराला एकदा मुदतवाढ देता ना? तीन वर्षं द्या.” सभा हसली, मीही हसलो आणि मुदतवाढ दिली. स्कूटर स्टँड पुढच्या फाटकाकडे गेला.

त्याच सुमाराला आवारात चिकूचं एक कलमही होतं, २००२ साली नाशिकहून आणलेलं. त्याचा थाट वेगळा. त्याला आळं, त्याला खत, त्याला सांडपाण्याची नळी. चौथ्या वर्षीच त्याला फळं लागली आणि गणपतीत त्याचे चिकू नैवेद्याला ठेवले गेले. खिरणीला काकांच्या घरातलं भांडी धुतलेलं पाणी. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. नळ कधी आठ दिवसांनी, कधी पंधरा दिवसांनी. टँकरची वर्गणी माझ्याच सहीनं गोळा झाली. पिण्याला पाणी नाही तर झाडांना कुठलं? उन्हाळ्यात चिकू वाळला. खिरणीची पानं थोडी मलूल झाली, एवढंच.

जुलैत पाऊस पडला आणि वाळलेल्या चिकूच्या बुंध्याशी हिरवे फुटवे दिसले. आम्ही सगळे खूश. चिकू जगला म्हणून कोणीतरी पेढेही आणले. गार्डकाका मात्र वाकून बघत राहिले. मग त्यांनी मागच्या फाटकाकडून खिरणीचं एक पान तोडून आणलं आणि फुटव्याच्या पानाशेजारी धरलं. चिकूचं पान टोकाला निमुळतं असतं. ही दोन्ही पानं बोथट, दोन्हींच्या टोकाला तीच खाच. फुटवे जोडाच्या खालून आले होते. काका म्हणाले, “साहेब, वरचा गेला. खालचा जिवंत आहे.”

अकरा वर्षं आम्ही ज्याला चिकू म्हणून खतपाणी केलं, त्याचा सगळा भार ज्या मुळांनी पेलला ती ही अशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसली. त्या खुंटाला वाढू द्यायला हवं होतं. पण दुसऱ्या वर्षी बोअरची गाडी आत घेताना तो निघाला. तेव्हा खजिनदार मीच होतो.

त्या हिवाळ्यात गार्डकाका गेले. फाटकाजवळच्या खिरणीला पहिलं फळ लागलं २०१६ च्या मे महिन्यात, बी लावल्यापासून पंधराव्या वर्षी. ओंजळभर फळं होती. मी त्यांतली चार काकूंकडे नेऊन दिली. त्यांनी एक खाल्लं, तीन देवापुढं ठेवली, आणि म्हणाल्या, “चिकट आहे हो.” मी म्हटलं, बाबर पण हेच म्हणाला होता. त्यांना वाटलं बाबर कोणी बँकेतला.

आता प्रकरण सभेपुढं आहे. कायद्याची बाजूही सांगून ठेवतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणं आपल्या आवारातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या सुधारणेनं त्यात ‘वारसा वृक्ष’ ही कल्पना आली, म्हणजे पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाचं झाड. आपली खिरणी २००१ च्या जूनमधली. तिला पन्नास पूर्ण होतील २०५१ मध्ये, सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाच्या पुढच्या वर्षी. तोवर कायद्याचं ते मोठं कवच तिला नाही. तोवर तिचं राखण आपल्या इतिवृत्ताच्या वहीत आहे.

पार्किंगची अडचण खरी आहे हे मी नाकारत नाही. माझ्या मुलाचीही गाडी रस्त्यावरच उभी असते. शेड दोन गाड्यांनी आखूड केली तर झाड वाचतं, असं मी टेप घेऊन मोजून पाहिलं आहे. नकाशा सचिवांकडे दिला आहे. त्या दोन गाड्यांतली एक आमची धरावी. २००९ साली मी तीन वर्षांची मुदतवाढ दिली होती. आज मीच सभासदांकडे ती मागतो आहे, या वेळी पंचवीस वर्षांची.

आणि मुलांसाठी एक सूचना. येत्या मे महिन्यात फळं पिकतील तेव्हा बिया जिन्यात टाकू नका. ताज्या बिया लगेच लावल्या तर चांगल्या उगवतात, ठेवून दिल्या तर जोर कमी होतो. चीक धुऊन काढा, रात्रभर पाण्यात ठेवा, दुधाच्या पिशवीला भोकं पाडा, माती आणि शेणखत भरा, बोटाच्या एका पेराएवढी खोल लावा. पिशवी कडक उन्हात ठेवू नका, माती ओली ठेवा पण चिखल करू नका. महिनाभर काही दिसणार नाही. तेव्हा पिशवी उकरून बघायचा मोह होतो, तो आवरा. पिशव्या आणि शेणखत माझ्याकडे मिळेल, पहिला मजला, डावीकडचं दार. पैसे नाहीत. फक्त कोणी किती बिया लावल्या आणि किती उगवल्या, ते मी वहीत लिहून घेईन.